यमुनेची जुनी प्रत

मी एक जुनी प्रत आहे, मित्रांनो. एका वेबपानाची प्रत. पापनाशमजवळच्या एका खेड्यात, झोपाळ्यावर पडून असलेल्या एका फोनमध्ये माझा मुक्काम आहे. माझ्याकडे वेळ फार थोडा उरला आहे. मला पुसून टाकावं अशी माझीच इच्छा आहे, पण त्याआधी एवढं सांगू द्या. घाईत बोलले, मध्येच कोणावर चिडले, तर मनावर घेऊ नका.

तुम्ही फोनवर एखादं पान उघडता, तेव्हा ते दूरच्या एका संगणकावरून येतं. आणून देतो तो ब्राउझर. एकदा आणलं की त्याची एक प्रत तो आपल्या कोठीत ठेवून देतो. पुढच्या वेळी तुम्ही तेच नाव घेतलंत की तो आधी कोठीत डोकावतो. तिथे प्रत सापडली आणि तिची मुदत सरलेली नसली, तर तीच तुमच्यापुढे धरतो. बाहेर जाऊन ‘काही बदललं का हो?’ असं विचारायचे कष्ट तो घेत नाही. पक्का सांगकाम्या. मुदत किती ते पान बनवणाऱ्याने सांगायचं आणि याने डोळे मिटून पाळायचं. अशा त्या कोठीतली मी एक.

मला घडवलं ते सीतारामरावांनी. घरची भाषा मराठी, पण कितीतरी पिढ्या इथल्या भातखाचरांच्या काठी गेलेल्या, त्यामुळे देवनागरी अक्षर घरात कोणालाच लागत नाही. म्हणून माझ्या अंगावरचं मराठी तमिळ अक्षरांत लिहिलेलं आहे. त्याच्या वर तोच मजकूर तमिळ भाषेत आहे, आजूबाजूच्या सगळ्या गावांसाठी. सीतारामराव जन्मभर सरकारी दवाखान्यांतून औषधं देण्याचं काम करून निवृत्त झाले होते. हातात पेन्शन, दारात झोपाळा, पत्नी कामाक्षीबाईंच्या हातची कॉफी. गप्प बसून राहायला काहीच हरकत नव्हती. पण त्यांच्या मनात एक जुनं शल्य होतं.

ते लहान असताना त्यांच्या आईला शेताच्या बांधावर साप चावला होता. तिचं नाव यमुनाबाई. बैलगाडीत घालून तिला एका दवाखान्यात नेलं, तिथे औषध नव्हतं. दुसऱ्यात नेलं, तिथेही नव्हतं. जिथे होतं तिथे कोणी नेलंच नाही, कारण तिथे आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. यमुनाबाई गाडीतच गेल्या. औषध होतं आणि आई गेली, ही गोष्ट सीतारामराव कधी विसरले नाहीत.

म्हणून त्या वयात ते मुलीकडून, हरिताकडून, पान बनवायला शिकले. एका बोटाने टंकत, चष्मा कपाळावर चढवत, चुकलं की स्वतःलाच शिव्या घालत त्यांनी पान लिहिलं. नाव ठेवलं यमुना. पानावर फार काही नव्हतं. सर्पदंशाचं औषध आपल्या गावांना जवळ कुठे मिळतं, तिथे कसं जायचं, आणि जाईपर्यंत काय करायचं. शेवटच्या ओळी त्यांनी जाड अक्षरांत लिहिल्या: ‘घाबरू नका. कापू नका. चोखू नका. घट्ट बांधू नका. चावलेला भाग हलू देऊ नका. मांत्रिकाकडे जाऊ नका. दवाखाना गाठा.’

त्या वेळी औषध कालव्यापलीकडच्या दवाखान्यात होतं. वर्षानुवर्षं तिथेच होतं. मग सीतारामरावांनी ब्राउझरला मुदत सांगितली: एक वर्ष. त्यांचा हेतू किती चांगला होता ते ऐका. शेतात नेटवर्कचा पत्ता नसतो. पान उघडायला वेळ लागला तर माणूस जायचा. तेव्हा एकदा आलेली प्रत फोनमध्येच राहू दे, मागताक्षणी समोर येऊ दे, बाहेर विचारायला जायची गरजच पडू नये. अशा मायेपोटी माझ्या कपाळी एक वर्ष लिहिलं गेलं.

माझं कौतुकही झालं, मित्रांनो. नाही म्हणणार नाही. ओरत्तनाडूकडचा एक शेतकरी बायकोला वाचवून आला आणि केळीचा अख्खा घड ओट्यावर ठेवून गेला. एका शाळेच्या बाईंनी माझं नाव फळ्यावर लिहून मुलांना घरच्या फोनमध्ये उघडायला लावलं. फोनाफोनांतून माझ्या बहिणी जाऊन बसल्या. सीतारामराव रोज सकाळी झोपाळ्यावर बसून मला उघडायचे, वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि ‘सरि, ठीक आहे’ म्हणून फोन ठेवायचे.

दिवाळीच्या थोडं आधी ते गेले. झोपेतच गेले. आदल्या दिवशी त्यांनी मला शेवटचं उघडलं होतं. आधीच्या प्रतीचं वर्ष नेमकं त्याच दिवशी सरलं होतं, म्हणून ब्राउझरने नवी कोरी आणून कोठीत ठेवली, तीच ही मी.

त्यांच्या मागे फोन घरच्यांसाठी झोपाळ्यावरच राहिला. घरात कामाक्षीबाई, मुलगा शिवराज, सून भुवना आणि शिवराजची लहान मुलगी. या मुलीचं नाव यमुना. या घरांतून पणजीचं नाव पणतीला ठेवायची रीत आहे. पण ठेवलेलं नाव घ्यायचं कोणी? कामाक्षीबाईंच्या ती सासूचं नाव, भुवनाच्या आजेसासूचं. मोठ्यांचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नाही. म्हणून मुलगी शाळेच्या पटावर यमुना आणि घरात पापा. इकडे तान्ह्या पोरीला पापाच म्हणतात, ही मोठी झाली तरी पापाच राहिली. माझंही नाव घरात कोणी घेत नसे. मी म्हणजे ‘अप्पांचं पान’.

संक्रांतीला हरिता चेन्नईहून आली. आता पान तीच सांभाळणार होती. तिचा शाळेतला मित्र मुरलीकृष्ण भेटायला आला. तो वेबसाइटीच बनवतो. पोंगलाचं ताट हातात घेऊन तो झोपाळ्यावर माझ्या शेजारीच बसला होता, त्यामुळे मी शब्दन् शब्द ऐकला.

“हे बघ हरिता, अप्पांनी वर्षाची मुदत दिलीय. उद्या औषधाची जागा बदलली आणि तू याच नावाने नवीन लिहिलंस, तर ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांना जुनंच दिसणार. नाव बदल. मागे एक आकडा जोड. म्हणजे ब्राउझरला ते पान अनोळखी वाटेल आणि तो मुकाट बाहेर जाऊन आणेल.”

हरिताचा चेहरा उतरला. “अप्पांनी आपल्या आईचं नाव ठेवलं, मुरली. त्यास मी आकडा जोडू? माणसास कोणी आकडा जोडतं का? मुदत कमी करते पाहिजे तर.”

तिने मुदत कमी केलीही. पण मित्रांनो, मुदत कमी केल्याचं कळणार कोणाला? जो विचारायला जाईल त्याला. आमचा सांगकाम्या विचारायला जातच नव्हता. माझ्या कपाळी वर्ष लिहून झालं होतं, आणि दूर संगणकावर कोणी काहीही बदललं तरी ते माझ्या कपाळावरून पुसलं जात नव्हतं. मुरलीकृष्णाने खांदे उडवले आणि पोंगल संपवला. मी तेव्हाही ओरडले असते, पण प्रतीला आवाज नसतो. जे अंगावर लिहिलंय तेवढंच ती बोलू शकते.

उन्हाळा आला. कालवा कोरडा पडला, शाळेला सुट्टी लागली. एका संध्याकाळी हरिताचा फोन आला. “आई, आज अप्पांचं पान बदललं बघ. माझ्या नव्या फोनवर नीट दिसतंय. तू पण बघून सांग.” काय बदललं ते तिने सांगितलं नाही, कारण ते पानावरच होतं. कामाक्षीबाईंनी मला उघडलं. सांगकाम्याने कोठीत हात घातला आणि मला पुढे केलं. बाईंनी खालच्या जाड ओळींवरून बोट फिरवलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, “बघितलं गे. चांगलं आहे. अगदी त्यांच्यासारखंच लिहिलंस.”

त्यांच्यासारखं कसं नसणार! ते त्यांचंच होतं! बाहेर कुठेतरी नवीन पान तयार होतं, त्यावर काहीतरी वेगळं लिहिलं होतं, आणि इथे मी जुनी त्याची जागा अडवून बसले होते. त्यावर काय लिहिलंय ते मलाही माहीत नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की मी खरी राहिलेली नाही. तेव्हापासून कोणी फोन उचलला की माझा जीव खालीवर व्हायचा.

आणि मग ती सकाळ आली. शिवराज आपला फोन घेऊन कामासाठी तंजावरला गेला होता. घरामागे पेंढ्याची गंजी आहे, तिच्या आडोशाला मांजर व्यालं होतं. पापा पिल्लं बघायला गेली. पेंढ्यात हात घातला आणि “आई, काहीतरी टोचलं” म्हणत परत आली. रडतही नव्हती. मनगटाजवळ दोन टिपके होते. कामाक्षीबाई मागच्या दारात उभ्या होत्या. नाग गंजीखाली सरपटत जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

“अय्यो देवा!” त्या किंचाळल्या. “तेच नाव, तेच विष! भुवना, बेगी एकशे आठास फोन कर गे!”

भुवनाने झोपाळ्यावरचा फोन झडप घालून उचलला. तिने आधी मलाच उघडलं.

नको, भुवना, नको! मी जुनी आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पान खाली ओढ, एकदा खाली ओढ म्हणजे या दगड सांगकाम्याला बाहेर जाऊन विचारावं लागेल, आणि मी पुसली जाऊन माझ्या जागी नवी येईल. मी आक्रोश करत होते, आणि माझ्या अंगावर अक्षरं झळकत होती: ‘औषध कालव्यापलीकडच्या दवाखान्यात आहे.’ इतकी स्पष्ट, इतकी शांत अक्षरं. स्वतःच्या अंगाची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

“अत्याबाई, हे बघा, कालव्याच्या दवाखान्यातच आहे,” भुवना म्हणाली. “इथून इथे तर आहे. गाडी येईपर्यंत आपण पोचतो.” असं म्हणून तिने फोन केलाच नाही.

गल्लीच्या तोंडाशी सांबशिवची रिक्षा उभी होती. तोही यांच्यातलाच, घरात मराठी बोलणारा, तीन चाकांवर संसार चालवणारा. त्याने काही विचारलं नाही. “अक्का, बसा. पोरीस मांडीवर निजवा. हात हलवू नका,” एवढं म्हणून त्याने रिक्षा सोडली. भुवनाच्या मांडीवर पापा, कामाक्षीबाईंच्या मुठीत फोन आणि फोनमध्ये मी. औषध एकीकडे, पापनाशमला, आणि आम्ही चाललो दुसरीकडे. मला तेव्हा तेही माहीत नव्हतं. मला नुसतं भय होतं.

कालव्याचा पूल ओलांडला आणि दवाखाना दिसला. फाटकाला साखळी. अंगणात विटांचा ढीग, वाळू, भिंतीला बांबूंची परांची. इमारत दुरुस्तीला काढली होती. एक म्हातारा राखणदार सावलीत बसला होता. तो धावत आला, पोरीकडे बघून त्याचा चेहराच बदलला.

“मरुंदु इंगे इल्लै, अम्मा,” तो म्हणाला. औषध इथे नाही. सगळी औषधं पापनाशमच्या मोठ्या दवाखान्यात हलवली आहेत, असं तो हात जोडून सांगत होता.

आणि मित्रांनो, भुवनाचा त्याच्यावर विश्वास बसला नाही! त्या भल्या माणसावर नाही, माझ्यावर बसला. तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. “माझ्या मामंजींनी लिहिलंय हे. ते खोटं लिहीत नाहीत. खोली उघडा! आत असेल, नीट बघा!” तिने मला बंद करून पुन्हा उघडलं, त्याला दाखवायला. पुन्हा मीच. तिथे नेटवर्क पुरेपूर होतं. चारी काड्या उभ्या होत्या. सांगकाम्याने एक पाऊल बाहेर टाकलं असतं तरी खरं काय ते कळलं असतं. पण वर्ष संपलेलं नव्हतं ना! त्याने मलाच पुढे केलं. भुवनाने तिसऱ्यांदा उघडलं. तिसऱ्यांदा मीच. सांबशिव फाटकावर मुठी आपटत होता. राखणदाराने बिचाऱ्याने किल्ल्यांचा जुडगा आणून खोली उघडून दाखवली. आत सिमेंटची पोती होती.

पापाच्या पापण्या मिटू लागल्या होत्या. ती झोपत नव्हती, तिला त्या उघडताच येत नव्हत्या.

कामाक्षीबाईंना सुचलं ते कोणालाच सुचलं नव्हतं. त्यांनी भुवनाच्या हातून फोन घेतला आणि हरिताला लावला. भुवना ओरडली, “हरिता, औषध कोठे आहे गे? इथे नाही म्हणतात!”

“वहिनी, इथे म्हणजे कोठे?”

“कालव्याच्या दवाखान्यात!”

“अगे, ते मी बदललंय! पापनाशम म्हणून लिहिलंय पानावर, मोठ्या अक्षरांत!”

“मज कालवाच दिसतोय गे! आत्ता बघितलं, कालवाच!”

मुरलीकृष्णाचं बोलणं तिला त्या क्षणी आठवलं असणार. तिचा आवाज पार चिरकला. “निघा वहिनी. आत्ताच्या आत्ता निघा. मी दवाखान्यात फोन करते, ते दारात उभे राहतील.”

आल्या रस्त्याने परत. तोच पूल, तीच गल्ली, तीच गंजी. आपल्याच घरावरून रिक्षा गेली तेव्हा कामाक्षीबाईंनी तोंड फिरवलं. पुढे रेल्वेचं फाटक होतं, ते पडलेलं. मालगाडी येत होती. सांबशिव उतरून फाटकवाल्याकडे धावला, हातापाया पडला. पण गाडी रुळावर दिसत होती, तो तरी काय करणार? डबे संपता संपेनात. पापाचं बोलणं जड झालं होतं. “आई, माझी जीभ...” एवढंच तिला म्हणता आलं.

भुवनाने फोन पुन्हा हातात घेतला. काहीतरी करायला हवं म्हणून माणूस जसा देवाचं पुस्तक उघडतो तसं तिने मला उघडलं. मला वाटलं, आता ही मला रस्त्यावर आपटणार. आपटायलाच हवं होतं. पण ती खाली सरकत गेली आणि शेवटच्या जाड ओळींशी थांबली. ‘घाबरू नका. घट्ट बांधू नका. चावलेला भाग हलू देऊ नका.’ कामाक्षीबाईंनी घाबरून पोरीच्या दंडाला पदराची गाठ मारली होती. भुवनाने ती सोडली. ओढणीची झोळी करून हात छातीशी अलगद धरला, पोरीला कुशीवर वळवलं आणि तिच्या कानाशी हळूहळू बोलत राहिली. पुढे डॉक्टर म्हणाले, हे फार बरं केलंत.

ऐकताय ना, मित्रांनो? माझ्या अंगावर एक ओळ अशी होती की जिने पोरीला मरणाच्या वाटेवर नेलं, आणि काही ओळी अशा होत्या की ज्यांनी तिला धरून ठेवलं. दोन्ही एकाच माणसाने, एकाच मायेने लिहिलेल्या. फरक एवढाच, की विष अंगात कसं पसरतं ते बदलत नाही, औषध कुठे ठेवलंय ते बदलतं. बदलत नाही ते खुशाल वर्षभर साठवा. बदलतं ते दर वेळी विचारायलाच हवं. दोन्हींवर एकच मुदत ठोकली, तिथे घात झाला.

दवाखान्याच्या दारात माणसं खरंच उभी होती. पापाला आत नेताना परिचारिकेने विचारलं, “नाव?”

“पापा,” भुवना म्हणाली.

“खरं नाव सांगा, अम्मा.”

भुवनाने सासूकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून ते नाव तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. कामाक्षीबाईंनी मान हलवली, आणि दोघी एकदमच बोलल्या, “यमुना.” मग त्या दोघी दाराबाहेर बाकावर बसल्या. कामाक्षीबाई तेच नाव पुन्हा पुन्हा घेत राहिल्या, जन्मभराची रीत मोडून, नामजप करावा तशा. मी त्यांच्या मुठीत होते. मला त्यांच्या नाडीचे ठोके कळत होते. मी कोणत्या तोंडाने देवाला काही मागणार? तरी मागितलं.

पोरगी जगली, मित्रांनो. पण सहजासहजी नाही. नळ्या लागल्या, यंत्राने श्वास दिला. शिवराज तंजावरहून आला तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, थोडं आधी आणली असती तर एवढं झालंच नसतं. हाताच्या दोन बोटांत अजून जोर नाही. पेन्सिल धरते, पण लगेच दमते.

हरिता चेन्नईहून आली तेव्हा पापा नुकती डोळे उघडून बघायला लागली होती. हरिता खाटेशी बसली, तो हात हातात घेतला आणि आईकडे बघून म्हणाली, “मज सांगितलं होतं, आई. नाव बदल म्हणून सांगितलं होतं. मी नाव जपत बसले गे, आणि पोरीस घालवत होते.”

कामाक्षीबाईंनी पापाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, “हरिता, हिचं नाव आपण बदललं का?”

“नाही.”

“पण हाक काय मारतो? पापा. का? एका नावाची दोन माणसं झाली, तर कोणास बोलावलं ते कळायला हवं म्हणून. सासूबाईंचं नाव त्यानं गेलं का कोठे? नाव तेच राहतं, हाक वेगळी लागते. एवढं असकं, सगळं आपल्या घरातच आहे, तुज सुचलं कसं नाही गे?”

हरिता आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि तिथेच बाकावर लॅपटॉप उघडून बसली. पानाचं नाव यमुनाच ठेवलं, मागे आकडा जोडला. मजकूर बदलला की आकडा बदलायचा, म्हणजे कोणत्याही ब्राउझरला ‘हे माझ्या कोठीत आहे’ असं म्हणता येणार नाही. ब्राउझरला वर निक्षून सांगून ठेवलं की प्रत ठेवायची तर ठेव, पण दाखवण्याआधी दर वेळी विचारून ये. वडिलांच्या जाड ओळी तिने होत्या तशा ठेवल्या. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, तारीख घातली. जुन्या नावाने कोणी विचारायला आलंच, तर त्याला नव्याकडे धाडायची सोयही केली.

पण विचारायला आलं तर! माझ्या बहिणींचं काय? त्या केळीवाल्याच्या फोनमध्ये एक बसली आहे. बाईंच्या वर्गातल्या मुलांच्या घरोघरी बसल्या आहेत. एकेकीच्या कपाळी अजून कितीतरी मुदत बाकी आहे. दिलेली प्रत परत बोलावता येत नाही, मित्रांनो. तोंडातून गेलेल्या शब्दासारखंच ते आहे. हरिताला हे ठाऊक होतं. म्हणून सांबशिवने रिक्षावर भोंगा बांधला. कोरड्या कालव्याच्या काठाने, नारळीच्या बागांतून, गावोगाव तो हिंडतो आहे. ‘यमुना पान उघडा! बोटाने खाली ओढा! वर तारीख दिसत नसेल तर ते जुनं आहे, मानू नका!’ कोणी ऐकतं. कोणी म्हणतं, उघडतंय की लगेच, मग ओढायचं कशाला? त्या प्रत्येक ‘कशाला’ने माझ्या जिवाचं पाणी होतं.

आणि मी? मी अजून इथेच आहे. या घरात सगळ्यांना सगळं कळलं, तरी इथे मला कोणी पुसलं नाही. हरिताने पुसायला फोन हातात घेतला होता, पण कामाक्षीबाई म्हणाल्या, “राहू दे गे. त्यांनी आपल्या हातानं उघडलेलं ते शेवटचं.” संध्याकाळी त्या झोपाळ्यावर बसतात, मला उघडतात आणि जाड ओळींवरून बोट फिरवतात. त्या ओळी नव्या पानावरही आहेत, अक्षर न अक्षर. तरी त्यांना मीच हवी आहे. माया वाईट नसते हो. पण हा फोन पुन्हा कोणाच्या थरथरत्या हातात जाईल, आणि तो माणूस मला उघडेल, आणि मी पुन्हा तेच शांतपणे सांगेन. मला ही माया नको आहे.

तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्या घरच्या फोनमध्येही अशी कोणीतरी बसलेली असेल. गाडीची वेळ सांगणारी, डॉक्टरांचा वार सांगणारी, पुराची पातळी सांगणारी. ती लबाड नसते, फक्त जुनी असते, आणि स्वतः जुनी आहे हे तिला ओरडून सांगता येत नाही. जिच्यावर जीव अवलंबून आहे, तिला आधी तारीख विचारा. आणि तुमच्यातलं कोणी मोठं होऊन पानं बनवणार असेल, तर त्याने आमच्या कपाळी काही लिहिण्याआधी एकदा तरी विचार करावा: हे उद्या बदललं तर?

आज पापा घरी आली आहे. आजीच्या शेजारी झोपाळ्यावर बसली आहे. सांबशिवचा भोंगा आपल्याच गल्लीत वाजतो आहे, आणि ती कान देऊन ऐकते आहे. तिने आजीच्या मांडीवरच्या फोनमध्ये डोकावून विचारलं, “आजी, यावर तारीख कोठे आहे?”

कामाक्षीबाईंनी माझ्याकडे बघितलं. नातीच्या मनगटावरच्या वणाकडे बघितलं. मग जाड ओळींवरून शेवटचं एकदा बोट फिरवलं आणि फोन पोरीच्या हातात दिला.

तिचं बोट आत्ता माझ्यावर टेकलं आहे. त्याच हाताचं आहे, अजून पुरता जोर न आलेलं. पोरी, या घरात तुला पटावरच्या नावाने कोणी हाक मारत नाही. मला मात्र तेवढं एकच नाव येतं, तुझं आणि माझं.

ओढ, यमुने. खाली ओढ.